खरेदी आणि प्रवासखर्चासाठी व्यवसायाचे क्रेडिट कार्ड : गोव्यातील उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाना असो, कळंगुटचे हॉटेल असो, की पणजीतील पाच-सहा माणसांचे कार्यालय असो, व्यवसायाच्या क्रेडिट कार्डाविषयी विचारले जाणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. व्याजदर, शुल्क आणि पतमर्यादा प्रत्येक बँकेच्या वेगळ्या असल्यामुळे उदाहरणांतील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. आपल्या कार्डाचे आकडे करारपत्रातूनच पाहावेत.

घरचे क्रेडिट कार्ड आहेच, मग व्यवसायासाठी वेगळे कशाला?

मुख्य कारण हिशेबाचे आहे. घरचा किराणा, मुलांची फी आणि कारखान्याचे सुटे भाग एकाच स्टेटमेंटवर आले की, वर्षअखेरीस त्यांतली कोणती ओळ व्यवसायाची हे आठवून आठवून वेगळे करावे लागते. या आठवण्यात काही खर्च सुटतात, काही घरचे खर्च नकळत पेढीच्या नावे पडतात आणि लेखापरीक्षकाच्या प्रश्नांना उत्तर देताना मालकाची अडचण होते. वेगळ्या कार्डावर प्रत्येक ओळ व्यवसायाचीच असते, असे निदान गृहीत धरता येते.

दुसरे कारण असे की, रोख खर्चावर आयकर कायद्याची बंधने आहेत. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर तो खर्च सहसा वजावटीस पात्र ठरत नाही. मालवाहतूकदारांच्या बाबतीत ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. थेट मच्छीमाराकडून घेतलेल्या मासळीसारखे काही अपवाद आहेत, पण तीच मासळी व्यापाऱ्याकडून घेतली तर अपवाद लागू होत नाही. क्रेडिट कार्डाने दिलेली रक्कम या बंधनात येत नाही.

अशी कार्डे कोणकोणत्या प्रकारची असतात?

एकल मालकाच्या किंवा लहान भागीदारीच्या नावे मिळणारे बिझनेस कार्ड, कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले कॉर्पोरेट कार्ड आणि केवळ पुरवठादारांची बिले भागवण्यासाठी खरेदी विभागाकडे ठेवलेले पर्चेस कार्ड हे तीन प्रकार ठळक आहेत. मोठ्या कंपन्या आपल्या ट्रॅव्हल एजंटाकडे एकच मध्यवर्ती खाते जोडून ठेवतात. त्यावर सगळ्यांची विमान तिकिटे निघतात आणि कर्मचाऱ्याच्या हाती कार्ड द्यावेच लागत नाही. एखाद्याच ऑनलाइन खरेदीसाठी निघणारे, केवळ क्रमांक असलेले व्हर्च्युअल कार्डही काही बँका देतात. पाच-दहा माणसांच्या आस्थापनेला बिझनेस कार्ड आणि त्यावरील दोन-तीन पुरवणी कार्डे बहुधा पुरतात.

बिल थकले तर जबाबदारी कोणाची, पेढीची की माझी?

एकल मालकीच्या पेढीत मालक आणि पेढी कायद्याने एकच असल्यामुळे जबाबदारी मालकाचीच राहते, आणि थकबाकी त्याच्या सिबिल नोंदीत, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, दिसू शकते. कंपनीच्या कार्डात जबाबदारी फक्त कंपनीची असू शकते, किंवा कंपनी आणि कर्मचारी या दोघांची मिळून असू शकते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ही वाटणी करारात स्पष्ट लिहिलेली असावी लागते. संचालकाकडून वैयक्तिक हमी घेतली जात आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचणे आवश्यक आहे. कर्मचाऱ्याला कार्ड देताना करारातील हे कलम त्यालाही दाखवावे, कारण कंपनीने बिल भरायला उशीर केल्यामुळे त्या माणसाचे गृहकर्ज अडणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

'पन्नास दिवस बिनव्याजी' म्हणजे नेमके काय?

समजा, बिलाची तारीख दर महिन्याची १२ आहे आणि पैसे भरण्यासाठी त्यापुढे २० दिवस मिळतात. १३ ऑक्टोबरला केलेली खरेदी १२ नोव्हेंबरच्या बिलात येते आणि तिचे पैसे २ डिसेंबरपर्यंत भरायचे असतात, म्हणजे ५० दिवस मिळाले. ११ नोव्हेंबरची खरेदीही त्याच बिलात येते, पण तिला २१ दिवसच मिळतात. म्हणून मोठी खरेदी पुढे ढकलता येण्यासारखी असेल, तर ती बिलाच्या तारखेनंतर करावी. पैसे हाती येण्याचा काळ आणि देय तारीख यांचा मेळ बसत नसेल, तर बिलाची तारीख निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कार्डधारकाला दिला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

बिनव्याजी मुदतीची सवलत मागील बिल पूर्ण भरलेले असेल तरच मिळते.

'किमान देय रक्कम' भरली तर चालणार नाही का?

खाते थकीत होणार नाही, एवढाच त्याचा उपयोग. दोन लाखांच्या बिलापैकी एक लाख भरले, आणि व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर उरलेल्या एक लाखावर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्या व्याजावर १८ टक्क्यांनी ६३० रुपये जीएसटी, मिळून ४,१३० रुपये होतात. याशिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्या दिवशी खरेदी, त्या दिवसापासून व्याज सुरू होते. किमान रक्कम भरून दिवस ढकलणाऱ्या पेढ्यांचे नुकसान जास्त होते ते येथे. पूर्ण बिल आपोआप खात्यातून वळते होण्याची सूचना बँकेला पहिल्याच दिवशी देऊन ठेवावी, आणि त्या तारखेला खात्यात पैसे राहतील याची काळजी घ्यावी.

देय तारीख चुकली तरी तीन दिवसांच्या आत पैसे भरले, तर बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही आणि खाते थकीत म्हणून कळवताही येत नाही.

पर्यटन हंगामापूर्वीची खरेदी कार्डावर करावी का?

हा प्रश्न गोव्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हमखास येतो. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, आणि ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी रंगकाम, गाद्या-चादरी, एसीची दुरुस्ती, स्वयंपाकघरातील भांडी असा सगळा खर्च एकदम येतो. कार्डावर ५० दिवस मिळतात हे ऐकून मालकाला हायसे वाटते. पण सप्टेंबरच्या मध्यात केलेल्या खरेदीचे पैसे नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यावे लागतात, आणि खरी कमाई होते ती डिसेंबरच्या उत्तरार्धात. मधल्या दीड-दोन महिन्यांसाठी कार्डाचे व्याज भरणे परवडत नाही.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या खर्चाचे पैसे पुढच्या बिलापर्यंत हाती येण्याची खात्री आहे, तेवढाच कार्डावर टाकावा. हंगामाच्या तयारीसाठी बँकेकडून कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल, घ्यावा. त्याचे वार्षिक व्याज कार्डाच्या व्याजापेक्षा पुष्कळ कमी असते आणि ते वापरलेल्या रकमेवरच लागते. तो मंजूर व्हायला वेळ लागत असल्याने अर्ज मे-जूनमध्येच करावा. चतुर्थीच्या तोंडावर धावपळ करून उपयोग होत नाही. कार्डाने एटीएममधून रोख काढून मजुरी भागवण्याचा मार्ग तर पूर्णपणे टाळावा, कारण रोख उचलीला बिनव्याजी मुदत नसते आणि वर वेगळे शुल्कही लागते.

आमचे बरेच पुरवठादार कार्ड घेत नाहीत. त्यांचे काय?

म्हापशाच्या बाजारातील भाजीवाली किंवा माटोळीचे (चतुर्थीत गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचे) सामान विकायला आलेला शेतकरी कार्ड घेणार नाही, आणि त्यांच्याकडे तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. तेथे किरकोळ रोकड किंवा यूपीआय वापरावे आणि व्हाउचर लिहून ठेवावे. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते. आपले बिझनेस कार्ड त्यात बसते का, हे बँकेला विचारावे.

मोठे पुरवठादार कधी कधी 'कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त' असे सांगतात. अशा वेळी साधा हिशेब करावा. दोन टक्के देऊन सरासरी पस्तीस दिवसांची सवड मिळत असेल, तर ते वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक महाग पैसे झाले. तेथे सरळ बँकेतून रक्कम वळती करणे बरे.

कार्ड न घेणाऱ्याच्या खात्यातही कार्डावरून पैसे पोचवून देतो, असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच एका व्यवस्थेवर आक्षेप घेऊन ती थांबवण्याचे निर्देश एका कार्ड नेटवर्कला दिले होते. त्यामुळे पुरवठादारांची देणी अशा मार्गावर अवलंबून ठेवू नयेत. मार्च २०२४ पासून बिझनेस कार्डाचा वापर व्यवसायासाठीच होतो की नाही, यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही बँकांवर आहे.

कार्ड घेणारा पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर दोघांचाही फायदा होतो. अशा उद्योगाचे पैसे, करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. कार्डाने भरले की त्याला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात, आणि आपली सवड बँकेकडे कायम राहते.

कार्डाची स्लिप जपून ठेवली तर बिलाची गरज आहे का?

आहे. स्लिप किंवा स्टेटमेंट हा फक्त पैसे दिल्याचा पुरावा. काय घेतले, त्यावर कर किती आणि तो कोणाच्या नावे, हे बिलातच असते. जीएसटीचे क्रेडिट घ्यायचे, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या देय करातून वजा करून घ्यायचा, तर आपल्या पेढीचे नाव आणि जीएसटी क्रमांक असलेले कर-बिल हवे, माल किंवा सेवा मिळालेली हवी, आणि पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवून ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, उतरलेले हवे. काउंटरवर कार्ड पुढे करण्यापूर्वी जीएसटी क्रमांक सांगण्याची सवय प्रत्येक कर्मचाऱ्याला लावावी. एकदा साधे बिल निघाले की ते बदलून घेताना नाकी नऊ येतात. क्रमांक छापलेले छोटे कार्ड पाकिटात ठेवले की काम सोपे होते.

मुंबईच्या हॉटेलने आमचा जीएसटी क्रमांक घातला, तरी क्रेडिट मिळत नाही असे अकाउंटंट म्हणतात. का?

अकाउंटंट बरोबर सांगत आहेत. कर कोणत्या राज्याचा हे 'पुरवठ्याच्या ठिकाणा'वरून ठरते, आणि हॉटेलमधील मुक्कामासाठी ते म्हणजे ती इमारत जेथे आहे ते ठिकाण. दिवसाला ८,००० रुपयांची खोली मुंबईत घेतली, तर त्यावर १८ टक्क्यांनी १,४४० रुपये कर लागतो. त्यांपैकी ७२० केंद्राचा आणि ७२० महाराष्ट्राचा. गोव्यात नोंदणी असलेल्या पेढीला महाराष्ट्रातील या कराचे क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे ९,४४० हा सगळाच खर्च धरावा लागतो. प्रवासाचे अंदाजपत्रक करताना खोलीचा दर करासह धरावा, असे यासाठीच सांगतो. तुमचा ग्राहक बाहेरून आला आणि तुम्ही त्याला व्यवसायाच्या कामासाठी पणजीतील अशाच दराच्या हॉटेलात उतरवले, तर कर गोव्यातलाच असल्याने क्रेडिटचा विचार करता येतो.

विमान, रेल्वे, टॅक्सी आणि पेट्रोल यांचे कसे?

विमान आणि रेल्वे तिकिटांचे गणित हॉटेलपेक्षा वेगळे आहे. प्रवासी सेवा नोंदणीकृत ग्राहकाला दिली असेल, तर पुरवठ्याचे ठिकाण त्या ग्राहकाचेच धरले जाते. मोपाहून दिल्लीला जाणाऱ्या माणसाच्या तिकिटावर आरक्षण करतानाच पेढीचा गोव्यातील जीएसटी क्रमांक घातला, तर त्या कराचे क्रेडिट मिळू शकते. मात्र तिकीट कार्डाने काढले की विमान कंपनी आपोआप कर-बिल पाठवतेच असे नाही. ते तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते. गोव्यात आता मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत, आणि मडगावच्या माणसाला मोपाला पोचायला लागणारा टॅक्सीचा खर्च तिकिटात वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होऊ शकतो. तिकीट काढणाऱ्याने दोन्ही रकमा एकत्र पाहाव्यात.

भाड्याच्या टॅक्सीवरील आणि जेवणावरील कराचे क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे तेथे कार्डासाठी अडून बसण्यात अर्थ नाही. तारीख, मार्ग आणि रक्कम असलेली पावती पुरे. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. पंपावर कार्ड वापरल्यास लागणारा इंधन अधिभार बँका सहसा ठरावीक मर्यादेत परत करतात, पण त्यावरील जीएसटी बहुधा परत मिळत नाही.

कर्मचाऱ्यांच्या हाती कार्ड देताना कोणती मर्यादा घालावी?

पेढीची एकूण पतमर्यादा पाच लाख असली, तरी प्रत्येक कार्डाची मर्यादा त्या माणसाच्या कामाएवढीच ठेवावी. विक्री प्रतिनिधीला महिन्याच्या दोन दौऱ्यांपुरती, खरेदी करणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या मासिक खरेदीपुरती. ऑनलाइन, कार्ड मशिनजवळ नुसते धरून (टॅप करून) होणारे आणि परदेशातील व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२० पासून आहे. तिचा वापर करावा.

नियम लेखी हवेत, आणि एका पानात मावतील एवढेच हवेत. कोणत्या खर्चाला आधी विचारायचे, बिल किती दिवसांत जमा करायचे, बिल हरवले तर काय करायचे आणि खासगी खर्च झाला तर काय, एवढे त्यात असले की झाले. ज्याने खर्च केला त्यानेच तो मंजूर करू नये, ही अट मालकाच्या मुलालाही लागू ठेवावी. घरच्या माणसाला सूट मिळाली की बाकीचे कर्मचारी नियम पाळणे सोडून देतात.

चुकून खासगी खर्च कंपनीच्या कार्डावर झाला तर?

त्याच आठवड्यात रक्कम पेढीच्या खात्यात भरावी आणि स्टेटमेंटवर त्या ओळीपुढे 'वैयक्तिक, वसूल' अशी नोंद करावी. लपवलेल्या खर्चाचे परिणाम वाईट होतात, कारण कर्मचाऱ्याने कार्डावर केलेला खासगी खर्च मालकाने सोसला तर तो त्याच्या पगारातील लाभ मानला जाऊन त्यावर आयकर लागू शकतो. खर्च कामाचाच होता हे दाखवण्यासाठी तारीख आणि खर्चाचे स्वरूप यांची नोंद, तसेच मालकाचे प्रमाणपत्र लागते.

महिन्याचा ताळमेळ कसा घालावा?

स्टेटमेंट आल्यावर तीन दिवसांत घालावा. स्टेटमेंट कागदावर छापून घ्यावे आणि बिलांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावावा. प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहाव्यात : बिल क्रमांक, खर्चाचे खाते, खर्च करणाऱ्याचे नाव आणि जीएसटीचे क्रेडिट मिळणार की नाही. दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि स्टेटमेंटवरचे नाव पुष्कळदा जुळत नाही, कारण स्टेटमेंटवर मालक कंपनीचे नाव येते; अशी जोडी एकदा सापडली की वहीत टिपून ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यात शोधाशोध होत नाही. रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे बहुधा पुढच्या बिलात जमा होतात, म्हणून त्यांची वेगळी यादी ठेवावी आणि जमा दिसेपर्यंत ती ओळ खोडू नये. बिल नसलेल्या ओळींची यादी संबंधित माणसाला त्याच दिवशी द्यावी. दोन महिन्यांनी विचारले तर कोणालाच काही आठवत नाही.

कार्डाचे वार्षिक शुल्क आणि त्यावरील जीएसटी यांचीही नोंद करावी. बँकेकडे पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल तर व्यवसायाच्या कार्डावरील शुल्काच्या कराचे क्रेडिट मागता येते. हे बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

परदेश दौऱ्यात हेच कार्ड वापरावे का?

हॉटेलची अनामत रोखून ठेवण्यासाठी क्रेडिट कार्ड सोयीचे आहे. खर्चासाठी मात्र परकीय चलन अधिभार पाहावा. तो अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर जीएसटी लागतो. लंडनच्या पर्यटन मेळ्याला जाणाऱ्या हॉटेल व्यावसायिकाने आधी पाउंड भरलेले फॉरेक्स कार्ड सोबत घेतले, तर दर आधीच ठरलेला राहतो. तिकडच्या मशिनवर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले, तर स्थानिक चलन निवडावे. रुपये निवडल्यास दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि तो सहसा महाग पडतो. निघण्यापूर्वी कार्डावरील परदेशी व्यवहार चालू करून घ्यावेत आणि परतल्यावर बंद करावेत.

आम्ही न केलेला व्यवहार दिसला तर?

कार्ड लगेच ॲपवरून बंद करावे, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि सायबर फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर नोंद करावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डावर १०,००० आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपयांपर्यंत भार येऊ शकतो. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. संदेश मालकाच्या मोबाइलवर येतात आणि कार्ड वापरतो दुसराच, अशी स्थिती असेल तर खोटा व्यवहार ओळखणार कोण? प्रत्येक कार्डाचे संदेश कार्डधारक आणि अकाउंटंट या दोघांनाही जातील, अशी व्यवस्था करावी. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

रिवॉर्ड पॉइंट कोणाचे?

बँकेच्या योजनेत काय लिहिले आहे ते पाहावे आणि पेढीच्या नियमांत तसे स्पष्ट करावे. माझ्या मते खर्च पेढीचा असेल तर पॉइंटही पेढीचेच, आणि ते पुढच्या तिकिटासाठी वापरावेत.

कर्मचारी नोकरी सोडून गेला तर त्याच्या कार्डाचे काय करावे?

राजीनामा हाती आला की मर्यादा कमी करावी आणि शेवटच्या दिवशी कार्ड परत घेऊन बंद करावे. बाकी शिल्लक नसेल तर बँकेने विनंतीनंतर सात कामकाजी दिवसांत खाते बंद करायला हवे. उशीर केल्यास खाते बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये भरपाई द्यावी लागते. विनंती ई-मेलने करावी, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बंद करण्यापूर्वी त्या कार्डावर चालू असलेली स्वयंचलित देणी शोधून काढावीत. संगणक प्रणालीचे मासिक शुल्क, इंटरनेटचे बिल, हॉटेलच्या आरक्षण संकेतस्थळाची वर्गणी अशी देणी जुन्या माणसाच्या कार्डावर राहिली, तर सेवा ऐन हंगामात बंद पडू शकते. ती दुसऱ्या कार्डावर वळवून, नव्या कार्डावरून एकदा रक्कम गेल्याची खात्री झाली, की मगच जुने कार्ड कापावे.